आरोग्यविषयक संशोधन : तें शोधावें कसें व पारखावें कसें
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची संधि चालकांनीं मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें. उत्सवाच्या दिवशीं रोगराईचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु आपण ज्या घरांतून येथें आलों आहों, त्यांपैकीं बहुतेक घरांत कोणी मधुमेहाची गोळी घेत असेल, कोणाचें गुडघ्याचें दुखणें असेल, कोणाच्या छातींत अधूनमधून कळ येत असेल. आणि त्याच घरांतील मोबाइलवर रोज सकाळीं कोणी तरी आप्त नवा रामबाण उपाय पाठवीत असेल. त्या उपायाखालीं हल्लीं एक वाक्य हमखास असतें : “हें संशोधनानें सिद्ध झालें आहे.” हें वाक्य केव्हां मानावें व केव्हां मानूं नये, एवढाच आजचा माझा विषय आहे.

संशोधन पारखणें हें डॉक्टरांचेंच काम, आपलें नव्हे, अशी पुष्कळांची समजूत असते. औषध कोणतें द्यावें हें ठरविणें डॉक्टरांचेंच काम होय, यांत शंका नाहीं. परंतु एखाद्या दाव्याला चार साधे प्रश्न विचारणें हें कोणाहि साक्षर मनुष्याला शक्य आहे. औषध कोणास दिलें ? नेमकें काय दिलें ? कशाशीं ताडून पाहिलें ? आणि शेवटीं काय घडलें ? बाजारांत भाजी घेतांना आपण याहून अधिक चौकशी करतों.

या चार प्रश्नांचें मोल आपल्याच मुलखांतील एका जुन्या गोष्टीवरून कळून येईल. सन १८९६ सालीं मुंबईंत उद्भवलेला प्लेग लवकरच पुण्यांत शिरला. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं १० मार्च १८९७ रोजीं याच शहरांत देह ठेविला. त्याच वर्षीं जानेवारींत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानें मुंबईंत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परंतु लोकांच्या मनांत लसीविषयीं भय होतें, आणि अफवांना तर ऊत आला होता. अशा वेळीं “लस टोंचलेला अमका मनुष्य जगला” असें सांगून भागण्यासारखें नव्हतें. कारण लस न टोंचलेलेहि पुष्कळ जगत होते. तेव्हां लसीमुळें वांचला कोण आणि दैवानें वांचला कोण, हें ओळखावें कसें ?

बडोद्याजवळच्या उंडेरा नांवाच्या गांवीं सन १८९८ च्या फेब्रुवारींत याचें उत्तर मिळालें. तेथें एकेका कुटुंबांतील सुमारें अर्ध्या माणसांस लस टोंचण्यांत आली आणि उरलेल्यांस टोंचली नाहीं. छप्पर एक, पाणी एक, चूल एक. भेद काय तो लसीचा. पुढें ज्या कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत लस न टोंचलेलीं ६४ माणसें होतीं. त्यांपैकीं २७ जणांस प्लेग झाला आणि २६ दगावलीं. लस टोंचलेलीं ७१ होतीं. त्यांपैकीं ८ जणांस प्लेग झाला आणि ३ दगावलीं. लस घेऊनहि तीन जीव गेले, हें येथें लपविलेलें नाहीं. आणि म्हणूनच बाकीच्या आंकड्यांवर विश्वास बसतो. ज्या दाव्यांत “सर्वच बरे झाले” असें म्हटलेलें असतें, त्याविषयीं प्रथम शंका घ्यावी.

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. ९ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांतील कोरोनाचे पहिले दोन रोगी आपल्या पुण्यांतच आढळले. पुढच्या दीड वर्षांत आपण काय सोसलें, हें येथें बसलेल्या कोणास सांगावयास नको. त्या काळांत एका उपायाचें नांव घरोघर झालें, तें म्हणजे प्लाझ्मा. रोगांतून बऱ्या झालेल्या मनुष्याच्या रक्तांतील द्रव रोग्याच्या शरीरांत घालावयाचा, म्हणजे बऱ्या झालेल्याची प्रतिकारशक्ति रोग्यास मिळेल, असा त्यामागील तर्क होता. हा तर्क पोरकट नव्हता. घटसर्पावर अशाच तऱ्हेच्या रक्तद्रवाचा उपचार शोधल्याबद्दल बेरिंग या जर्मन वैद्यास सन १९०१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. परंतु तर्क चांगला असणें निराळें आणि गुण येणें निराळें.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें हा तर्क कसोटीस लाविला. एप्रिल ते जुलै २०२० या काळांत देशांतील ३९ रुग्णालयांतून ४६४ रोगी घेण्यांत आले. मध्यम स्वरूपाच्या आजाराचे हे रोगी होते. कोणास प्लाझ्मा द्यावयाचा आणि कोणास केवळ नेहमींचे उपचार द्यावयाचे, हें चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें ठरविलें गेलें. म्हणजे श्रीमंत, तरुण किंवा कमी आजारी माणसें एकाच बाजूस जमा होण्याचा धोका टळला. २८ दिवसांनंतर पाहतां, प्लाझ्मा मिळालेल्या २३५ जणांपैकीं ४४ जणांचा आजार तीव्र झाला होता किंवा ते दगावले होते. न मिळालेल्या २२९ जणांपैकीं ४१ जणांचें तसें झालें होतें. म्हणजे शेंकडा १९ आणि शेंकडा १८. ज्यास आपण गुण म्हणतों, तो येथें दिसला नाहीं. सातव्या दिवशीं धाप व थकवा कांहीं अधिक रोग्यांचा गेलेला दिसला. परंतु आपल्याला प्लाझ्मा मिळाला कीं नाहीं हें रोग्यांस ठाऊक होतें, आणि जीव वांचण्याच्या बाबतींत तर दोहों बाजूंत फरक नव्हता.

हा निबंध २२ ऑक्टोबर २०२० रोजीं ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आणि तो इंटरनेटवर कोणासहि विनामूल्य वाचतां येत होता. तरी सहा महिन्यांनीं, एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेंत, पुण्यांतील मोबाइलांवर रात्रंदिवस एकच आर्जव फिरत होतें : अमक्या रक्तगटाचा प्लाझ्मा हवा, कोठें मिळेल तर कळवा. बहिणी रस्त्यांतून धांवल्या, मुलगे परगांवीं धांवले, लोकांनीं मागेल तितकें मोल देऊं केलें. मे महिन्यांत ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या प्रचंड प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत ११,५५८ रोगी होते आणि दोन्ही बाजूंस मृत्यूचें प्रमाण शेंकडा २४ इतकेंच भरलें. १७ मे २०२१ रोजीं सरकारनें आपल्या उपचारविषयक सूचनांतून प्लाझ्मा वगळला.

यांत कोणास दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. प्राण कंठाशीं आलेल्या आप्तासाठीं मनुष्य धांवणारच. परंतु त्या घरांतील एकालाहि तो निबंध शोधून वाचतां आला असता, तर त्यानें डॉक्टरांस इतकें तरी विचारलें असतें, “साहेब, यानें गुण येण्याचा संभव किती ? मी धांवत सुटूं, कीं घरच्यांपाशीं थांबूं ?” त्या घटकांचें मोल पैशांत होत नाहीं. संशोधन पारखण्याच्या विद्येचें प्रयोजन हेंच होय.

उलट एक उदाहरणहि देतों. त्याच ‘रिकव्हरी’ प्रयोगांत जून २०२० मध्यें डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधाचा निकाल आला. कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या रोग्यांचे मृत्यु त्यानें सुमारें एक तृतीयांशानें घटले. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांचे सुमारें एक पंचमांशानें घटले. आणि ज्यांस ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांस कांहीं लाभ दिसला नाहीं. औषध एकच, पण “कोणास दिलें ?” या पहिल्या प्रश्नाचें उत्तर बदलतांच निकाल बदलला. शेजाऱ्यास लागू पडलेलें औषध आपणांस लागू पडेलच, असें कां म्हणतां येत नाहीं, तें यावरून ध्यानीं येईल.

आतां हें संशोधन शोधावयाचें कोठें, तें सांगतों. सर्वसामान्य माहितीसाठीं ‘मेडलाइनप्लस’ हें अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचें संकेतस्थळ सोप्या भाषेंत लिहिलेलें आहे. त्याच ग्रंथालयाची ‘पबमेड’ ही सूचि सन १९९७ पासून सर्वांस विनामूल्य खुली आहे आणि तींत तीन कोटींहून अधिक निबंधांची नोंद आहे. मात्र पबमेडमध्यें नांव आहे म्हणून निबंध खरा, असें समजूं नये. ती ग्रंथालयाची यादी आहे, सत्यतेची मोहोर नव्हे. एका विषयावरील सर्व प्रयोग गोळा करून तोलण्याचें काम ‘कॉक्रेन’ ही सन १९९३ सालीं निघालेली संस्था करते, आणि तिचे सोप्या भाषेंतील सारांश विनामूल्य वाचावयास मिळतात. आपल्या देशांत सन २००७ पासून ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही नोंदवही आहे. प्रयोगाच्या आरंभींच कर्त्यांनीं काय मोजण्याचें ठरविलें होतें, तें तेथें पाहतां येतें. बाण मारल्यानंतर त्याभोंवतीं वर्तुळ काढणारे धनुर्धर अशानें उघडे पडतात.

शोधतांना शब्द कसे घालावे, यांतहि खुबी आहे. “हळदीनें गुडघेदुखी बरी होते” असें लिहून शोधलें, तर तसेंच म्हणणारीं पानें प्रथम पुढें येण्याचा संभव असतो. त्याऐवजीं रोगाचें व औषधाचें इंग्रजी नांव तेवढें घालावें. मग पबमेडच्या डाव्या बाजूस जे पर्याय असतात, त्यांतून ‘रँडमाइझ्ड कंट्रोल्ड ट्रायल’, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग, किंवा ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’, म्हणजे अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा, हे निवडावे. उंदरांवर किंवा कांचेच्या बशींतील पेशींवर केलेले प्रयोग शास्त्रज्ञांस मोलाचे असतात. आपल्या गुडघ्यासाठीं मात्र त्यांवरून निर्णय घेऊं नये.

निबंध हातीं आल्यावर आणखी तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, पैसा कोणाचा होता. औषध विकणाऱ्यानेंच खर्च केला असेल, तर निबंध खोटा ठरत नाहीं, पण अधिक बारकाईनें वाचावा. दुसरी, आंकडे कसे सांगितले आहेत. “धोका अर्ध्यावर आला” हें ऐकावयास मोठें वाटतें. परंतु हजारांत दोघांचा एक झाला, तरी तो अर्ध्यावरच आला. म्हणून नेहमीं “कितींपैकीं किती ?” असें विचारावें. तिसरी, निबंध मागें तर घेतला गेला नाहीं ना. ‘लॅन्सेट’ हें मोठ्या नांवाचें नियतकालिक. त्यांत २२ मे २०२० रोजीं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाविषयीं सुमारें ९६,००० रोग्यांचा आधार सांगणारा निबंध आला. परंतु मूळ नोंदी तपासणाऱ्यांच्या हवालीं करण्यांत आल्या नाहींत, आणि ४ जून रोजीं तो मागें घेतला गेला. केवळ नांवावर भिस्त ठेवूं नये, हें यावरून दिसतें. आणि चूक उघडकीस आणून ती जाहीर करण्याची रीत शास्त्रांत आहे, हेंहि दिसतें. मागें घेतलेल्या निबंधाच्या माथ्यावर पबमेडमध्यें तशी सूचना असते. ती पाहिल्याविना पुढें जाऊं नये.

एवढें करूनहि अखेरचा निर्णय एकट्यानें घेऊं नये. आपल्या मूत्रपिंडाची स्थिति, आपलीं दुसरीं औषधें, आपलें वय, हीं निबंधास ठाऊक नसतात, डॉक्टरांस असतात. म्हणून निबंधाचा सारांश कागदावर उतरून त्यांच्यापुढें ठेवावा आणि नम्रपणें विचारावें. वाचलेल्या गोष्टीच्या भरंवशावर चालू औषध परस्पर बंद करणें हा अविचार होय.

एक गोष्ट भाविकांच्या या सभेंत सांगितलीच पाहिजे. खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा आपण लहानपणीं पाठ केली. न पारखलेला उपाय दहा घरीं पाठविणारा मनुष्य खोटें बोलण्याच्या हेतूनें तसें करीत नाहीं, प्रेमानेंच करतो; परंतु त्यावर विसंबून कोणी उपचार सोडले, तर तें प्रेम त्या रोग्याच्या उपयोगीं पडत नाहीं. “मीं हें पडताळलेलें नाहीं” असें वाटल्यास संदेश आपल्यापाशींच थांबवावा.

शेवटीं एक सूचना करतों. हे निबंध बहुतेक इंग्रजींत असतात, आणि यंत्रानें केलेल्या भाषांतरांत कधीं कधीं ‘नाहीं’ हा एक शब्द गळून सारा अर्थ उलटा होतो. आपल्या धर्मग्रामांत इंग्रजी जाणणारीं मुलेंमुली आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. महिन्यांतून एका रविवारीं मिस्सानंतर एक तास त्यांनीं वडीलधाऱ्या मंडळींसमवेत बसावें. त्या महिन्यांत मोबाइलवर आलेला एकच दावा घ्यावा. आणि त्यास ते चार प्रश्न विचारून पाहावे. फळा व खडू एवढें साहित्य त्यास पुरे. पुढील पंचवीस वर्षांनीं अमृतमहोत्सव साजरा करणारी पिढी या तासाबद्दल आपल्याला दुवा देईल.