उसाच्या इंधनाचा जमिनीतील हिशेब

उसापासूनचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवे नाही. ऊस हवेतील कार्बन शोषून वाढतो, म्हणून हे इंधन निर्दोष, असा समज रूढ आहे. परंतु हिशेबाची एक बाजू जमिनीत दडलेली असते.

युरियातील नत्राचा काही अंश मातीतील जीवाणूंच्या क्रियेने नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. शंभर वर्षांच्या मुदतीत हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता कोंडतो. सुरू उसास हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातील १ टक्का नत्र, म्हणजे जागतिक हिशेबात धरतात तेवढेच, असे उडाले तरी हेक्टरी सुमारे १ टन कार्बन डायऑक्साइडचा भार पडतो. नोबेल पारितोषिक विजेते पॉल क्रुट्झेन यांनी २००८ साली अप्रत्यक्ष गळतीसह हे प्रमाण ३ ते ५ टक्के मांडले, तेव्हा मोठा वाद झाला. तो मोजणीनेच मिटावयाचा.

मोजणीची रीत साधी आहे. बिनतळाची पेटी मातीत रोवून झाकण लावतात, ठराविक मिनिटांनी सिरिंजने आतील हवा काढतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. वायू किती वेगाने साठला, त्यावरून उत्सर्जन कळते. अडचण आहे ती वेळेची. खतामागोमाग पाण्याची पाळी दिली की काही दिवस उत्सर्जन उसळते. एरवी ते अत्यल्प असते. महिन्यातून एकदाच पेटी ठेवणाऱ्याच्या वहीत ही उसळी बहुधा येतच नाही, आकडे मात्र नीटनेटके दिसतात! सरी आणि वरंबा यांतही फरक पडतो. तेव्हा मोजणी खत-पाण्याच्या पाळीस धरूनच व्हावयास हवी, आणि त्या तारखा शेतकऱ्यावाचून दुसरे कोणी सांगू शकत नाही.