मत मांडण्याचा हक्क कोणाचा?

(मराठवाडा मुक्तिदिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



निजामशाहीत ‘गश्ती निशान 53’ नावाचा एक हुकूम होता. सरकारच्या आगाऊ परवानगीवाचून जाहीर सभा भरवावयाची नाही, असा त्याचा अर्थ. नांदेडास असो की लातुरास, रयतेने चार शब्द बोलावयाचे तर आधी अंमलदाराची मेहेरबानी हवी! 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिजवर बंदी आली. तेव्हा मास्तरकी केलेले स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सोबती सत्याग्रह करून तुरुंगात गेले. हातात काठीसुद्धा नव्हती. ती बंदी उठावयास 1946 साल उजाडले.

1948 च्या सप्टेंबरात निजामाची सत्ता गेली. त्याच वर्षी 10 डिसेंबरास संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. 1950 पासून घटनेच्या 19 व्या कलमाने बोलण्याचा व शस्त्रावाचून शांतपणे जमण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला. मग जुलूम संपला काय?

1978 साली मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीस पोचीराम कांबळे यांचा खून पडला. तेथे निजाम नव्हता, रझाकार नव्हता. गावकरीच गावकऱ्यांवर उठले होते! आपण बहुजन भटशाहीच्या नावाने बोटे मोडतो. पण वरच्याकडे स्वतः हक्क मागावा आणि खालच्याने मागितला की काठी उचलावी, हा कोठला न्याय? नामांतरवाल्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले, पंधरा वर्षांवर नेट सोडला नाही. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला.

आता आपण काय करावे? सभेचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. नकार आला तर कारणही लेखी मागावे. सार्वजनिक रस्त्यावरील सभांना नियम घालता येतात, सरसकट मनाई करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंमतलाल शहा खटल्यात 1972 साली सांगितले आहे. अटक झालीच तर 22 व्या कलमाप्रमाणे वकील मागावा. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे पोलिसांस भाग आहे. मात्र दगड उचलू नये. दगड पडला की आपली मागणी मागे पडते आणि गुन्हा तेवढा उरतो.

आणि येत्या ग्रामसभेत, ज्याचे म्हणणे आपणास मुळीच रुचत नाही, त्यास शेवटपर्यंत बोलू द्यावे. गश्ती 53 सरकारी दप्तरातून गेली. ती आपल्या चावडीवरूनही गेली पाहिजे.