संख्या फोडून पाहा



तुम्ही आता अंक लिहू लागलात. पाढे म्हणू लागलात. आज आपण संख्या फोडायला शिकू.

लाकूड फोडतो ना, तशीच संख्या फोडायची. १२ घ्या. १२ म्हणजे २ × ६. त्यातला ६ म्हणजे २ × ३. म्हणून १२ = २ × २ × ३. आता २ काही फुटत नाही, ३ही फुटत नाही. अशा न फुटणाऱ्या संख्यांना मूळ संख्या म्हणतात. ५, ७, ११ याही तशाच.

तुम्ही म्हणाल, याचा आम्हाला काय उपयोग? ऐका तर.

पूर्वी रुपयाचे १६ आणे होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. मग एका आण्याचे पैसे किती? सव्वासहा! पण पाव पैशाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून सरकारी कोष्टकात १ आण्याला ६ पैसे, २ आण्यांना १२, ३ आण्यांना १९ आणि ४ आण्यांना २५ पैसे धरले. एकेक आणा करून सोळा आणे मोडले, तर हाती ९६ पैसेच आले. चार पैसे बुडाले! तेच चार-चार आणे मोडले, तर पुरे १०० आले. हिशेब कळणारा वाचला, न कळणारा ठकला.

चारच का बरं? फोडून पाहा.

१६ = २ × २ × २ × २
१०० = २ × २ × ५ × ५

दोन्हींत सामाईक काय? २ × २, म्हणजे ४. सामाईक विहीर असते, तसा हा सामाईक भाग. याला मसावि म्हणतात. दोन्ही संख्यांना पुरा भाग देणारी ही सगळ्यांत मोठी संख्या. पंचवीस पैशांचं नाणं २०११ साली बंद झालं, तरी चाराणे-आठाणे आपल्या तोंडी आहेतच.

विहिरीवरून आठवलं. दोन भावांची एक विहीर आहे. थोरला वांग्यांना दर ९ दिवसांनी पाणी देतो. धाकटा संत्र्यांना दर १२ दिवसांनी देतो. आज दोघांची पाळी एकदम आली आणि मोटरीपाशी भांडण जुंपलं. असा दिवस पुन्हा कधी येईल?

९ = ३ × ३
१२ = २ × २ × ३

९ साठी ३ दोनदा पाहिजे. १२ साठी २ दोनदा आणि ३ एकदा पाहिजे. पण तो ३ नवात आलाच आहे, पुन्हा घ्यायचा नाही. म्हणून ३ × ३ × २ × २ = ३६. हा झाला लसावि. कोणी घाईनं ९ × १२ = १०८ सांगेल. पण त्याआधी दोनदा, छत्तिसाव्या आणि बहात्तराव्या दिवशी, भांडण होऊन जाईल! छत्तिसावा दिवस आधी कळला, तर सकाळी पाणी कोणाचं आणि दुपारी कोणाचं, हे आजच ठरवता येतं.

आता पाटी घ्या. बाजार दर ७ दिवसांनी भरतो. धाकट्याची पाळी १२ दिवसांनी येते. आज बाजार आहे आणि पाळीही आहे. पुन्हा दोन्ही एकाच दिवशी कधी येतील? ७ फुटतो का, ते आधी पाहा.