अंगणातली जीप



फुलंब्रीत आमच्या घरामागे लिंबाखाली एक जीप अकरा वर्षं उभी होती. महिंद्राची एमएम ५४०, फोर बाय फोर. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिच्यातून अद्रकाची पोती वाहिली, मक्याचं बियाणं आणलं. पावसाळ्यात शेतरस्त्याच्या काळ्या मातीत बैलगाडी रुतायची, तेव्हा बाळंतिणीला दवाखान्यात पोचवलं ते याच जीपनं. पुढं घरी पिकअप आला, जीप झाडाखाली गेली आणि तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या. गेल्या दोन वर्षांत मी ती घरच्या अंगणात खोलली आणि पुन्हा चालती केली. त्या कामातून जे कळलं, ते आज सांगतो.

आपल्याकडे जीप आली ती विलीज कंपनीची. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रानं तिची जुळणी सुरू केली. उंच बोनेटची जुनी जीप तुम्ही पाहिली असेल. तिच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसवले होते, म्हणून इंजिन उंच झालं आणि बोनेटही. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ साली थांबलं, आपल्याकडे त्याच घडणीच्या जीपा त्यानंतरही बनत राहिल्या. आमच्या ५४० मध्ये २११२ सीसीचं प्युजो डिझेल इंजिन आहे. यात कुठंही संगणक नाही. पाना, हातोडा, ग्रीस आणि धीर एवढ्यावर ती खुलते.

पण खोलताना जीव सांभाळा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, लोखंडी घोडे लावा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आणि सगळंच घरी होईल असा हट्टही नको. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, इंजिनाचं बोअर, ड्रमची लेथवरची घासाई ही कामं शहरातल्या जाणत्या कारागिरांकडेच न्यावीत.

माझी पहिली चूक सांगतो. उत्साहाच्या भरात मी आधी इंजिन हातात घेतलं. नव्या रिंगा, नवं गास्केट, नोझल साफ. इंजिन गरजू लागलं, गल्लीतली पोरं जमली. मग जीप चौक्याच्या घाटात नेली. उतारावर दोन-तीन वळणं झाली आणि पेडल जड असूनही गाडी थांबेना. चारही चाकांचे ड्रम तापले होते आणि लायनरची पकड सुटली होती. गिअर खाली टाकत, इंजिनाच्या ओढीवर कशीबशी ती आवरली. त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं. जुन्या गाडीत सुधारणा करायची तर पहिला रुपया थांबण्यावर, दुसरा वळण्यावर, तिसरा दिव्यांवर. वेग वाढवणारं काहीही त्यानंतर.

म्हणून पुढच्या चाकांना मी डिस्क ब्रेक बसवून घेतले. डिस्क उघडी असते, लवकर थंड होते आणि ओढ्यातून गेल्यावर लवकर सुकते. ड्रममध्ये पाणी शिरलं की पुढचे काही ब्रेक वायाच जातात. त्याहून महत्त्वाचा मास्टर सिलिंडर. जुन्या एकेरी सिलिंडरमध्ये कुठलीही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी सिलिंडरमध्ये दोन चाकं तरी हाताशी राहतात. स्टेअरिंगचे बॉल जॉइंट, किंगपिनची बेअरिंग, पाट्यांचे बुश आणि शॅकल पिन, सगळं बदललं. ही कामं वरून दिसत नाहीत, म्हणून बरेच जण ती सोडून आधी रंगाकडे वळतात. मला ते अजिबात पटत नाही.

फोर बाय फोरची एक गोष्ट नव्या पोरांना माहीत नसते. या जीपमध्ये चारही चाकांना जोर दिला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरतो. वळताना पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरून ते भागवून घेतं. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर ते घसरत नाही, मग ताण गिअरांवर येतो. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर बाय फोरचा दांडा लावू नका आणि चारही टायर एकाच मापाचे ठेवा. लो गिअरमध्ये चाकाचा वेग साधारण अडीच पटीनं घटतो आणि ओढ तेवढीच वाढते. रुतलेला ट्रॅक्टरचा ट्रेलर तिनं बाहेर काढला, तेव्हा दादा कितीतरी वेळ तिच्या बोनेटवर हात ठेवून उभे होते.

आता कागदाचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतली नोंद कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचना बदलण्याला नकार दिला. त्यामुळे भलेमोठे टायर, कापलेली बॉडी, दुसऱ्याच जातीचं इंजिन यांच्या वाटेला जाऊ नका. कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत विचारा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. मग तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो.

आणि गंज काढताना चेसिसच्या नंबरावर ग्राइंडर फिरवू नका. तो नंबर पुसला, तर कितीही सुंदर उभी केलेली गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करणं कठीण होतं. मी आधी रॉकेलच्या फडक्यानं ती जागा पुसली, कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घेतला, मगच ब्रश हातात घेतला.

तुमच्याही गोठ्यामागे अशी जीप उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा तिच्यावरची ताडपत्री काढा. चेसिसचा नंबर शोधा, आरसी बुकाशी ताडून पाहा. जुळला, तर येत्या रविवारीच पहिलं चाक खोला, आणि सुरुवात ब्रेकपासून करा.