उमरठ आणि आपला उंबरठा

(पोलादपूर येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पोलादपुरात येऊन पराक्रमावर बोलणे म्हणजे सावित्रीच्या काठी उभे राहून पाण्याचे वर्णन करण्यासारखे आहे. याच तालुक्यातील उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव. तेथील समाधीपुढे आपण सर्वजण नतमस्तक झालो आहोत. तरीही आज मी आपणांस त्या कथेकडे थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहण्याची विनंती करणार आहे.

पुरंदरच्या तहात, १६६५ साली, कोंढाणा मोगलांकडे गेला होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीस, तानाजी मावळ्यांसह गडावर चढले आणि उदेभानाशी लढताना धारातीर्थी पडले. सरदार पडला की फौज मोडते, हा त्या काळचा नेहमीचा अनुभव. येथे मात्र धाकटे बंधू सूर्याजी पुढे झाले, त्यांनी लोकांना सावरले आणि गड घेतला, असे सभासद आपल्या बखरीत सांगतो. शाहिरांच्या परंपरेने या प्रसंगात वृद्ध शेलारमामा आणले आणि रायबाचे लांबणीवर टाकलेले लग्नही आणले. त्यातील कोणता तपशील इतिहासाच्या कसोटीस उतरतो, हे अभ्यासक ठरवतील. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, आपल्या समाजाने ही विजयगाथा एका घराची म्हणून जपली. मामा, दोन भाऊ आणि ज्याचा मांडव पडायचा थांबला तो मुलगा. कुटुंब उभे होते, म्हणून गड उभा राहिला.

पण या कथेत एक रिकामी जागा आहे. त्या घरातील स्त्रियांनी ती बातमी कशी ऐकली? लोकपरंपरेनुसार मढे घाटाने पार्थिव उमरठला आणले गेले. त्यानंतर चूल कोणी पेटवली, शेती कोणी सांभाळली, पोरांना कोणी धीर दिला? आपल्या लोकस्मृतीत याचे उत्तर नाही. पराक्रम झाला नाही म्हणून नव्हे. कोणी विचारले नाही म्हणून.

विचारणारा आणि लिहिणारा लागतो. छत्रपतींच्या आज्ञेवरून ‘शिवभारत’ रचणारे कवींद्र परमानंद यांची समाधीही याच पोलादपुरात आहे. एकाच तालुक्यात गड घेणाऱ्याची समाधी आणि पराक्रम लिहून ठेवणाऱ्याचीही! यातून आपण बोध घेतला पाहिजे. प्रत्येक घरात तानाजी असतो. परमानंद मात्र क्वचितच असतो.

मी स्वतः या बाबतीत अपराधी आहे, म्हणून माझ्या घरातील गोष्ट सांगतो. माझे आजोबा मुंबईत गिरणीत साच्यावर होते. लालबागला एका गाळ्यात गावच्या माणसांबरोबर राहत. घरी आजी. डोंगरउतारावर राब भाजणे, नाचणी-वरी लावणे, गुरे, सासू-सासरे, चार मुले, सारे तिच्या शिरावर. महिन्याची मनीऑर्डर हाच आधार.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. काही महिन्यांनी आजोबा वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले. मी तेव्हा शाळकरी होतो. मला आठवते, ते दिवसा घराबाहेर पडत नसत. पुढच्या शिमग्याला पालखी दारात आली, तरी ते आतच बसून राहिले. आजी आत गेली आणि म्हणाली, “गिरणी बंद पडलीय, घर नाय पडलं. उठा, पालखीला खांदा द्या.” आजोबा उठले. त्या दिवसापासून ते पुन्हा माणसांत आले.

आजी गेल्यावर ती ट्रंक आम्ही उघडली. त्यात मनीऑर्डरच्या पावत्या नीट दोऱ्याने बांधलेल्या होत्या. त्यांच्याखाली गहाणाच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. तिने आपले सोने गहाण टाकून आम्हा मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि औषधपाण्याचा खर्च भागवला होता. ते सोने कधीच सुटले नाही. तिच्या मोकळ्या गळ्याकडे आम्ही रोज पाहत होतो. पण एकानेही विचारले नाही. मी गावोगाव शिवचरित्रावर भाषणे देत होतो आणि माझ्या घरातला गड कोणी राखला, हे मला ठाऊक नव्हते!

बंधु-भगिनींनो, अशा ट्रंका आपल्या घरोघरी आहेत. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे गावाने पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुले धाडली. त्यांच्या मागे राहिलेल्या मातांचे धैर्य कोणत्या पदकावर कोरले आहे? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत चवदार तळ्यावर गेलेल्यांना मार खावा लागला. आपल्यापैकी कोणाचे पणजोबा त्या दिवशी तेथे होते आणि कोणाच्या पणजोबांनी दारे लावून घेतली, हेही विचारावे. खरे उत्तर ऐकण्याची तयारी असेल तरच समरसता हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला लाभतो. जुलै २०२१ मध्ये तळीये, केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. आपले सगळे गमावूनही दुसऱ्यासाठी चिखल उपसणारी माणसे आज आपल्याच वाड्यांत अबोलपणे जगत आहेत.

आज तरुण शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर जातात. जाणे अपरिहार्य आहे. परंतु घरे कुलूपबंद होत आहेत आणि सांगणारी पिढी एकेक करून निघून चालली आहे. हिंदू कुटुंबव्यवस्था हा समाजाचा कणा आहे, असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. त्या कण्यावर कोणी किती भार वाहिला, याची मोजदाद कोण करणार? त्याग एकाच व्यक्तीच्या वाट्याला येत असेल, तर तो वाटून घेणे हाही कुटुंबधर्मच आहे. आजीच्या चिठ्ठ्यांनी मला हे शिकवले.

म्हणून एकच आग्रह. आठवड्यातून एक संध्याकाळ घरातील सर्वांनी एकत्र जेवावे. दूरदर्शन आणि मोबाईल बंद ठेवावेत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, “तुमच्यावर सर्वांत कठीण वेळ कोणती आली होती?” आणि मग गप्प राहून ऐकावे. ऐकलेले वहीत लिहावे, तारखेसह. ती वही देवघरात, पोथीशेजारी ठेवावी.

उमरठला आपण दरवर्षी जाऊच. पण तेथून परतल्यावर आपल्या घराचा उंबरठा ओलांडताना आत बसलेल्या त्या थकलेल्या माणसाकडेही पाहावे. कदाचित तो गड अजून तीच लढवीत असेल.

भारत माता की जय!