पाण्याचा उमेदवार
(पारावरील सभेंत एका खेडेगांवच्या शाळामास्तरानें केलेलें भाषण)



ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली आहे. आपल्या गांवीं यंदा एक उमेदवार असा उभा आहे कीं, तो ना देवळास सभामंडप कबूल करतो, ना रात्रीं जेवणावळी घालतो. डोंगरावर चर खणूं, झाडें राखूं, पाण्याचा जमाखर्च मांडूं, एवढेंच बोलतो. लोक त्यास वेडा म्हणतात. आम्ही सरकारचे चाकर. मत कोणास द्यावें हें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, आणि आम्ही तें सांगणारहि नाहीं. पण असाच एक वेडा आपल्याच जिल्ह्यांत एका गांवानें पूर्वीं निवडला, त्याची हकीगत सांगण्यास कोणाची हरकत नसावी.

तें गांव नगर तालुक्यांतील हिवरे बाजार. अवर्षणाचा मुलूख. १९७२ च्या दुष्काळानंतर गांव पार खचलें. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, कर्तीं माणसें पोटामागें शहरांत, आणि मागें उरलीं दारू व भांडणें. १९८९ सालीं तेथील तरुणांनीं एम. कॉम. झालेल्या पोपटराव पवारांस गळ घातली व ते बिनविरोध सरपंच झाले. पुढें डोंगरास समपातळींत चर खणले, बांध घातले, झाडें लावलीं. कांहीं श्रमदानानें, कांहीं सरकारी योजनांच्या पैशांतून. धांवतें पाणी थांबलें म्हणजे तें जमिनींत मुरतें व विहिरींत उतरतें, यांत जादू कांहींच नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत ताली-बंधारे घालून शेतांत पाणी मुरविण्याची मागणी केलीच होती. शंभर वर्षें तें पुस्तक आपण नुसतें नमस्कारापुरतें ठेवलें!

खरी कठीण गोष्ट चर खणणें नव्हे. पाणी वाढलें कीं ज्याच्या गांठीस पैसा तो खोल बोअर पाडतो, ऊंस लावतो, आणि सर्वांनीं घाम गाळून मुरविलेलें पाणी एकट्याच्या शेतांत ओढून नेतो. हिवरे बाजारानें शेतीसाठीं बोअर बंद केले, ऊंस-केळीस मनाई केली. आणि हें साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत! तेथें पाऊस मोजतात, ग्रामसभेंत हिशेब मांडतात, माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढतात, आणि उरेल त्यावरून पिकें ठरवितात. आमच्या चौथीच्या मुलासहि हें वजाबाकीचें उदाहरण सुटेल. मोठ्या बागाइतदारास मात्र तें सुटत नाहीं.

आतां दुसरी बाजू. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ऐकावयास गोड लागते. पण ज्यास जमीन नाहीं, दारीं चार शेळ्या आहेत, त्याच्या चुलीवर ती पहिल्यांदा येते. जंगलखात्यानें गायरानें गिळल्याचा राग जोतीरावांनीं त्याच पुस्तकांत काढला आहे, तो उगाच नव्हे. हिवरे बाजारांत मोकळी चराई बंद झाली तरी विळ्यानें गवत कापून नेण्याची मोकळीक राहिली. तेवढी सोय नसती तर आम्हीं त्या बंदीस जुलूमच म्हटलें असतें.

बिनविरोध निवडणुकीचेंहि आम्हांस फारसें कौतुक नाहीं. पुष्कळदा बिनविरोध म्हणजे मोठ्या वाड्यांत आदल्या रात्रीं ठरलेलें. जानेवारी २०२१ मध्यें हिवरे बाजारांतहि सुमारें तीस वर्षांनीं मतदान झालें. विरोधक उभे राहिले, तो त्यांचा हक्कच होता. मोजणींत सातहि जागा पवारांच्या बाजूस आल्या. पद्मश्रीपेक्षां आम्हांस ही पावती मोठी वाटते, कारण ती ज्यांच्यावर बंद्या लादल्या त्यांनीं दिलेली आहे.

तेव्हां आपला उमेदवार दारीं आला म्हणजे त्यास वेडा म्हणून हांकलूं नका, आणि भला म्हणून नुसता हारहि घालूं नका. बोअरबंदी आधीं कोणाच्या मळ्यापासून सुरू करणार, हें विचारा. रामोशी-धनगराच्या शेळीस गवत कोठून व कोणत्या दरानें मिळणार, हें चारचौघांत वदवून घ्या. आणि पाण्याचा हिशेब मांडावयाचा त्या ग्रामसभेंत महारवाडा-मांगवाड्यांतील बायामाणसें मागें उभीं राहणार कीं पुढें बसणार, तेंहि विचारा.