मुक्या सोबत्याचा श्वास

तीन वर्षांपूर्वीची, मे महिन्यातील एक दुपार. दिल्लीचे ऊन कसे असते, हे येथे राहणाऱ्या श्रोत्यांना सांगावयास नको. आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा गच्चीवरील खोलीत नकळत कोंडला गेला. दार उघडले तेव्हा त्याची जीभ लांब बाहेर आलेली, हिरड्या लालभडक आणि धाप लोहाराच्या भात्यासारखी. आम्ही चारपाच सुशिक्षित माणसे तेथे जमलो होतो. त्याला ओल्या टॉवेलात घट्ट गुंडाळले, रिक्षात घातले आणि पशुवैद्यांकडे धावलो. वाटेतच त्याने प्राण सोडला.

पशुवैद्यांनी बोल लावला नाही. एवढेच विचारले, "निघण्यापूर्वी अंगावर पाणी का नाही ओतलेत?"

त्या प्रश्नापासून माझे शिक्षण सुरू झाले. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो, बाकी उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः धापेवाटे. अंगाभोवती आवळलेले ओले कापड लवकरच गरम होते आणि आतली उष्णता कोंडून धरते. म्हणून केसांच्या मुळापर्यंत अंग भिजवावे, जोराने वारा घालावा आणि मग वाहनात घालावे. आधी गारवा, मग प्रवास. एवढेसे ज्ञान; पण त्या दुपारी ते आमच्यापैकी एकाजवळही नव्हते.

पुढे मी छाती दाबून हृदय चालू करण्याची क्रिया, जिला आपण सी. पी. आर. म्हणतो, तीही शिकलो. मुळात ही माणसांसाठीची विद्या, ती हौशी लोकांनी कुत्र्यामांजरांना लावली, अशी माझी समजूत होती. इतिहास जवळजवळ उलटा आहे. १८७८ साली रूडॉल्फ बोम या शास्त्रज्ञाने क्लोरोफॉर्मने हृदय थांबलेल्या मांजरांची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे दाखविले. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे कुत्र्यांवर विजेच्या धक्क्याचे प्रयोग चालू असता, जड पट्ट्या छातीवर दाबताच, धक्का देण्यापूर्वीच, रक्तदाब चढतो, हे गाय निकरबॉकर या तरुणाच्या ध्यानी आले. काउवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला आणि ही क्रिया जगभर माणसांसाठी रूढ झाली. पुराव्याच्या आधारे कुत्र्यामांजरांसाठी सर्वंकष नियमावली मात्र 'रिकव्हर' या पशुवैद्यांच्या उपक्रमाने २०१२ साली केली आणि २०२४ मध्ये सुधारली. ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत देण्यास अर्धशतक लागले.

कृती कठीण नाही. प्राणी हाकेला वा हलविण्याला प्रतिसाद देत नाही आणि श्वास घेत नाही, एवढे दिसले की पुरे. नाडी शोधत बसू नये. त्याला कुशीवर निजवावे. बहुतेक मोठ्या कुत्र्यांची छाती जेथे सर्वांत रुंद तेथे तळहात ठेवावा; ग्रेहाउंडसारख्या खोल, अरुंद छातीच्या कुत्र्यास कोपराच्या मागे, हृदयावर. बुलडॉगसारख्या पसरट छातीच्या कुत्र्यास मात्र उताणे घ्यावे लागते. मांजराची छाती एका हाताच्या पकडीत मावते. मिनिटास १०० ते १२० दाब. कुशीवरील प्राण्याची छाती रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत दबली पाहिजे आणि दर वेळी पूर्ण वर आली पाहिजे. ३० दाब झाले की तोंड मिटून धरून नाकपुड्यांतून २ श्वास द्यावेत. सराव लोडावर किंवा पुतळ्यावर करावा. धडधाकट प्राण्यावर कधीही नाही.

खोटी आशा मी लावणार नाही. रुग्णालयातदेखील हृदय थांबलेल्या कुत्र्यामांजरांपैकी शंभरात सहाहून कमी जिवंत घरी परततात. म्हणूनच हृदय थांबण्यापूर्वीची काळजी मला अधिक मोलाची वाटते. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. दर घडीला उचलून पाहू नये. आणि आपली माया आवरावी! ताप आलेल्या मांजराला घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी भरविणारी माणसे मला भेटली आहेत. मांजराला ती प्राणघातक ठरू शकते. कुत्र्याला चॉकलेट आणि बेदाणे, मांजराला लिलीची फुले, हीही विषेच.

एक सावधगिरी. वेदनेने व्याकुळ झालेला प्राणी धन्यालाही चावतो. पट्टीचे सैल मुसके बांधावे. पण तो ओकत असेल किंवा श्वासासाठी धडपडत असेल तर मुळीच नाही. अनोळखी कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेऊ नये. रेबीजचे भय आपल्या देशात खरे आहे. चावा बसलाच तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली, १५ मिनिटे जखम धुवावी आणि लस घेण्यास त्याच दिवशी जावे.

शेजाऱ्यांकडे आता नवे पिल्लू आले आहे. गच्चीवरच्या खोलीचे दार त्यांनी काढूनच टाकले. रात्री उघड्या असणाऱ्या पशुचिकित्सालयाचा पत्ता त्यांच्या धाकट्या मुलीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. रविवारी ती आणि मी लोडावर हात चालवितो. ती घड्याळ धरून मोजते आणि म्हणते, "काका, मिनिटभरातच तुमचा वेग उतरतो. सरका, आता मी."